कायद्याच्या कपाटातील नंदगड

बेळगावच्या दक्षिणेस खानापूर तालुक्यात नंदगड हे गाव आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा निष्ठावंत शिलेदार संगोळ्ळी रायण्णा यास इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 रोजी येथेच फाशी दिले, आणि त्या हौतात्म्यामुळे गावाचे नाव इतिहासात राहिले. परंतु नंदगडचा आणखी एक इतिहास आहे. त्याचे स्मारक कोठे नाही. तो कायद्याच्या पुस्तकांत विखुरलेला आहे. नंदगडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी आजोबांच्या वेळचा जमिनीचा कागद निघाला आणि त्यावरून तंटा उभा राहिला, तर त्याच्या वकिलाने कपाटातील कोणते पुस्तक खाली काढावे? ते सांगावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

पेशवाई बुडाल्यानंतर मुंबई इलाख्याच्या कायद्याला सुसंगत रूप दिले ते माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने, 1827 च्या रेग्युलेशनांनी. त्यांतील चौथ्या रेग्युलेशनाचे 26 वे कलम मला नेहमी लक्षणीय वाटते. आधी पार्लमेंटचे व सरकारचे कायदे पाहावेत. ते नसतील तर देशातील रूढी. तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा. आणि काहीच न सापडल्यास न्याय, समता व सद्‌सद्विवेक, असा क्रम त्यात घालून दिला आहे. रूढीला शास्त्राच्या वर बसविणारा हा क्रम होता. अर्थात रूढी मानावयाची तर ती लिहून काढणे प्राप्त होते, म्हणून आर्थर स्टील याने दख्खनच्या जातीजातींचे रीतिरिवाज गोळा करून त्याच साली ग्रंथरूपाने सिद्ध केले. आमच्याकडील कायद्याच्या ग्रंथालयाचा पाया असा लोकांना विचारून घातला गेला.

1862 साली मुंबईस हायकोर्ट आले आणि निकालपत्रे छापण्याची गरज वाढली. 1875 च्या कायद्याने सरकारी ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ सुरू झाले आणि त्यांची मुंबई मालिका 1876 पासून निघू लागली. त्या कायद्याने असेही ठरविले की, सरकारी अधिकाराने छापलेल्या निकालांखेरीज अन्य छापील निकाल ऐकण्यास कोणतेही न्यायालय बांधलेले नाही. तथापि वकील मंडळींना निकाल लवकर हवे असतात. मग 1899 मध्ये ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ निघाला, पुढे नागपुराहून चितळे यांचा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ आला, आणि तालुक्याच्या कोर्टापर्यंत या खासगी मालिकाच अधिक पोहोचल्या. बेळगावात 1939 साली विधी महाविद्यालय निघाले, तेव्हा तेथे शिकणाऱ्यासमोर असलेले हायकोर्ट मुंबईचेच होते.

नंतर 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. राज्य पुनर्रचना कायद्याने चंदगड तालुका वगळून सारा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात गेले, नंदगड म्हैसुरात. माणसे होती तेथेच राहिली, दप्तरे हलली. मात्र त्याच कायद्याच्या 119 व्या कलमाने सांगितले की, ज्या प्रदेशात जो कायदा चालू होता तो, सक्षम विधिमंडळ बदलीपर्यंत, तेथे तसाच चालू राहील. राज्य म्हैसूरचे आणि कायदा मुंबईचा, अशी ही स्थिती होती. सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा 1950 चा मुंबई कायदा या भागात कित्येक दशके टिकला. हिंदू देवस्थानांविषयी कर्नाटकाने आपला कायदा केला तो 1997 मध्ये. गमतीची गोष्ट म्हणजे कर्नाटकाच्या कायद्यांत मुंबई राज्यातून आलेल्या या सगळ्या मुलखाला पुढे ‘बेळगाव क्षेत्र’ असे नाव पडले. त्या नावाखाली धारवाड आणि विजापूरच काय, समुद्रकाठचे कारवारही बेळगावात येऊन बसले!

कूळ कायद्याचा प्रकार अधिक गंभीर आहे, कारण तेथे प्रश्न भाकरीचा होता. 1948 चा मुंबईचा कूळ कायदा पुढे दुरुस्त झाला आणि 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कुळांनी कसत्या जमिनीचे मालक व्हावे अशी योजना होती. ही दुरुस्ती झाली तेव्हा नंदगड आणि चंदगड एकाच राज्यात होते. तो दिवस आला तेव्हा नंदगड दुसऱ्या राज्यात जाऊन पाच महिने झाले होते. चंदगडच्या कुळाची पुढील हकीकत मुंबईच्या ग्रंथांत शोधावी लागते, नंदगडच्या कुळाची म्हैसूरच्या. म्हैसूरचा 1961 चा जमीन सुधारणा कायदा प्रत्यक्ष अंमलात आला तो 2 ऑक्टोबर 1965 रोजी. मधल्या वर्षांतील व्यवहाराबद्दल आज तंटा निघाला, तर त्या वर्षी लागू असलेला मजकूर, त्यावरील म्हैसूरच्या दुरुस्त्यांसह, समोर हवा. नवी आवृत्ती आली म्हणून जुने खंड रद्दीत घालणाऱ्या ग्रंथपालाच्या हातून अशा कुळाचा पुरावाच जातो. 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता आली, तरी त्याआधीच्या अपराधांसाठी 1860 ची दंडसंहिता कपाटात ठेवावीच लागते, तसेच हे आहे.

नंदगडचे नाव आणखी एका ग्रंथात आहे. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 25 ऑक्टोबर 1966 रोजी माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. महाराष्ट्राचा दावा 814 गावांवर होता. 1967 च्या अहवालात बेळगाव शहर महाराष्ट्रास नाकारले गेले. परंतु जी 264 गावे महाराष्ट्राकडे द्यावीत असे म्हटले, त्यांत निपाणी व खानापूर यांच्याबरोबर नंदगडही होते. महाराष्ट्राने अहवाल अमान्य केला, कर्नाटकाने तो मान्य धरला, आणि अंमल कशाचाच झाला नाही. बेळगावसाठी लढताना नंदगडही हाती लागले नाही, हे कटू असले तरी नोंदविले पाहिजे.

2004 साली महाराष्ट्राने राज्यघटनेच्या 131 व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. 2024 संपले तेव्हाही त्याचा निकाल लागलेला नव्हता. दरम्यान कर्नाटक हायकोर्टाचे खंडपीठ 2008 पासून धारवाडला बसू लागले आणि मुंबई हायकोर्टाचे 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरास. चंदगडचा पक्षकार आता उत्तरेकडे कोल्हापूरची वाट धरतो, नंदगडचा पक्षकार धारवाडची. आणि आजोबांच्या कागदासाठी दोघांच्याही वकिलांना मुंबईचे तेच जुने खंड चाळावे लागतात.