ताग ते कांदा : शेजाऱ्याने दार लावलं की काय होतं?

१४ सप्टेंबर २०२०. संध्याकाळी बातमी आली की कांद्याची निर्यात बंद. सगळ्या जातीचा कांदा, सगळे देश, आणि अंमल लगेच.

आमच्या घरी तेव्हा चाळीत उन्हाळ कांदा शिल्लक होता. एप्रिलमध्ये भरलेला. निम्मा सडून, वजन घटून जो राहिला होता त्याला आता कुठे भाव आला होता. नाना दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावणार होते. बातमी ऐकून ते एवढंच म्हणाले, "बांगलादेश गेला."

मला तेव्हा हसू आलं. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी बांगलादेश! पण आमच्याकडे लिलावात उभं राहणाऱ्या कुणालाही विचारा. भाव का पडला, तर "बॉर्डर बंद आहे". भाव का वाढला, तर "बांगलादेशचं लोडिंग सुरू झालं". नाशिकचा कांदा देशाबाहेर जातो त्यात बहुतेक वर्षी सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेशच असतं. दोन हजार किलोमीटरवरच्या पेट्रापोल नाक्यावर काय चाललंय ते आमच्या मापाऱ्यालाही माहीत असतं. त्या वेळी कितीतरी ट्रक तिथेच अडकले. बंद ट्रकमधला कांदा चार-पाच दिवसांत पाणी सोडायला लागतो, हे कांदेवाल्यांना सांगायला नको.

तेव्हापासून मी या विषयावर वाचतोय. शेजारी देशांशी व्यापार वाढतोय, सहकार्य वाढतंय, अशा बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात. मग एक दिवस कुणीतरी दार लावतं. हे नवीन नाही. ही गोष्ट थेट १९४७ला सुरू होते, आणि ती कांद्याची नव्हे, तागाची आहे. जरा लांबण लागेल, पण वाचा.

फाळणी झाली तेव्हा नकाशावर रेघ पडली, पण बाजारात पडली नव्हती. कराचीचंच घ्या ना. १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीत मराठी माणसं होती, तिथल्या जुन्या नारायण जगन्नाथ हायस्कूलला नाव आहे ते नारायण जगन्नाथ वैद्य या आपल्या माणसाचं. सिंध-पंजाबचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत यायचा आणि गिरण्यांचं कापड परत तिकडे जायचं. म्हणून दोन्ही सरकारांनी सुरुवातीला शहाणपणाचा करार केला होता, की सध्या आहे तसंच चालू द्या. २९ फेब्रुवारी १९४८पर्यंत मधे जकात नव्हती. इतकंच काय, पाकिस्तानची मध्यवर्ती बँकसुद्धा जून १९४८ अखेरपर्यंत आपली रिझर्व्ह बँकच होती. गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, आपले रोह्याचे. दोन देश, बँक एक, गव्हर्नर मराठी. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

पूर्वेला तर दोघांचा जीव एकमेकांत अडकलेला. तागाची बहुतेक शेती पूर्व बंगालात गेली आणि तागाच्या शंभरावर गिरण्या सगळ्या हुगळीच्या काठी, म्हणजे भारतात राहिल्या. त्यांच्याकडे माल, आपल्याकडे यंत्रं. त्यांना कोळसा आपला लागायचा, आपल्याला ताग त्यांचा. त्या सुरुवातीच्या काळात पाकिस्तानची निम्म्याहून जास्त निर्यात भारतातच यायची. शेजाऱ्यांनी एकत्र धंदा करावा याला याहून चांगलं निमित्त कुठलं?

मग सप्टेंबर १९४९ उजाडला. ब्रिटनने पौंडाची किंमत साडेतीस टक्क्यांनी उतरवली. भारताने त्याच प्रमाणात रुपया उतरवला. पाकिस्तानने नाही उतरवला. म्हणजे काय झालं, तर कालपर्यंत पाकिस्तानचे १०० रुपये म्हणजे आपले १००, ते आज आपले १४४ झाले. कलकत्त्याच्या गिरणीवाल्याला ताग एका रात्रीत ४४ टक्क्यांनी महाग. भारताने सांगितलं, हा दर आम्ही मानत नाही. पाकिस्तानने सांगितलं, मग तागही नाही. पैसे देऊन घेतलेल्या तागाच्या गाठी पलीकडे अडकल्या. डिसेंबरात भारताने कोळसा थांबवला. दोन देशांचा व्यापार जवळपास ठप्प झाला.

दीड वर्षानंतर, फेब्रुवारी १९५१मध्ये करार झाला. भारताने पाकिस्तानचा दर मान्य केला. तेव्हा दिल्लीत अर्थमंत्री कोण होते? तेच चिंतामणराव. अडीच वर्षांपूर्वी दोन्ही देशांची बँक एकाच खुर्चीतून चालवलेल्या माणसाच्या कारकिर्दीत हा तंटा मिटला.

पण मिटला म्हणजे नुसता कागदावर. मधल्या काळात दोघेही एकमेकांशिवाय जगायला शिकले होते. आपण बंगाल, आसाम, बिहार, ओडिशात भाताच्या जमिनीत ताग लावला. देशाला धान्याची टंचाई असताना! पाकिस्तानला कोरियाच्या युद्धामुळे जगभर गिऱ्हाईक मिळालं. शिवाय त्यांनी स्वतःच्या गिरण्या काढल्या. ढाक्याजवळ नारायणगंजला आदमजी ज्यूट मिल उभी राहिली ती १९५१ मध्येच. पुढे ती जगातल्या सर्वांत मोठ्या ताग गिरण्यांत गणली गेली. आणि आपल्याच हुगळीकाठच्या गिरण्यांशी स्पर्धा करायला लागली.

या गोष्टीतून मी एवढंच शिकलो : गिऱ्हाईकाला एकदा अडवलं की ते रडत बसत नाही, ते दुसरी सोय बघतं. दार पुन्हा उघडलं तरी ते पूर्वीइतकं येत नाही.

गंमत बघा, नेमकं त्याच वेळी युरोपात उलटं चाललं होतं. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी सांगितलं, फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक यंत्रणेखाली आणू. एप्रिल १९५१मध्ये सहा देशांनी सह्या केल्या. पाच वर्षांपूर्वीपर्यंत हेच देश एकमेकांवर बॉम्ब टाकत होते. त्यांच्यातलं प्रेम काही उतू गेलं नव्हतं. पण त्यांनी कोळशाचा निर्णय एकाच सरकारच्या हातात ठेवला नाही. त्यामुळे कुणा एका मंत्र्याला रागाच्या भरात तो बंद करता येईना. पुढचं युरोप त्यातून वाढत गेलं. आपण मात्र कोळसा आणि ताग हीच हत्यारं केली.

नंतरची कथा थोडक्यात सांगतो. १९६५च्या युद्धात उरलेसुरले रस्तेही गेले. कलकत्त्याहून पूर्व बंगालला जाणाऱ्या गाड्या आणि नदीतल्या आगबोटी बंद. याची किंमत सगळ्यात जास्त मोजली ती आपल्याच ईशान्य भारताने. आगरताळ्याहून चितगाव बंदर दोनशे किलोमीटरच्या आसपास. पण माल जायचा तो सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून वळसा घालून कलकत्त्याला, सोळाशे किलोमीटर. १९७१ला बांगलादेश झाला, १९७२ला नदीवाहतुकीचा करार झाला, १९८५ला सार्क निघालं, २००६ला साफ्टा हा दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार लागू झाला. तरीही दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच राहिला. आग्नेय आशियात हाच आकडा साधारण पाव हिस्सा आहे. सख्खे शेजारी आपण, आणि सामान आणायचं ते लांबच्या दुकानातून!

बरं, काहीच चांगलं झालं नाही असं नाही. २००८ला कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस सुरू झाली. २०११ला भारताने दारू-तंबाखूसारख्या पंचवीसेक वस्तू सोडून बांगलादेशच्या सगळ्या मालावरचं आयातशुल्क काढलं. २०१३पासून आपली वीज तारांवरून तिकडे जायला लागली. २०१५ला जमिनीच्या सीमेचा जुना घोळ मिटला. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पेट्रापोलचा रस्ता बंद पडला तेव्हा नाशिकचा कांदा मालगाडीने गेदे-दर्शना मार्गे गेला. १८६२ साली टाकलेला हा रुळाचा मार्ग! दीडशे वर्षांपूर्वीच्या रुळांनी आमच्या चाळी रिकाम्या केल्या. आणि २०२१-२२मध्ये बांगलादेशला आपली निर्यात १६ अब्ज डॉलरवर गेली.

पण दाराची कडी अजून तशीच आहे. वाटेल तेव्हा लावायची.

सप्टेंबर २०१९ला कांदा निर्यातबंदी. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि हसत हसत म्हणाल्या, आम्हाला आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलंय. सभागृह हसलं. तिकडे ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाक्यांच्या वर गेला आणि विमानाने कांदा आणायची वेळ आली. मग पुन्हा २०२०. मग ऑगस्ट २०२३ला ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात पुन्हा बंदी. मे २०२४मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिलं. ते पूर्ण निघायला १ एप्रिल २०२५ उजाडलं.

तोपर्यंत काय झालं? तेच, जे १९५१ला झालं होतं. बांगलादेशने पाकिस्तान, म्यानमार, तुर्की, इजिप्त, चीन अशी दारं ठोठावली. स्वतःच्या शेतकऱ्याला कांदा लावायला प्रोत्साहन दिलं. आता त्यांचं पीक आलं की ते आयातीचे परवाने थांबवतात आणि आमच्या लिलावात भाव बसतो. आदमजी मिलची गोष्ट आता कांद्याच्या रूपाने पुन्हा सुरू आहे.

एकटा भारत दोषी आहे असं मी म्हणत नाही. वरुड-मोर्शीच्या संत्र्यावर बांगलादेशने वर्षामागून वर्ष आयातशुल्क वाढवत नेलं आणि विदर्भातल्या बागाईतदाराचं कंबरडं मोडलं, हेही खरंच आहे. ऑगस्ट २०२४ला तिथलं सरकार पडल्यावर तर दोन्हीकडून कुरघोडी चालू झाली. एप्रिल २०२५ला भारताने त्यांचा माल आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशात न्यायची सवलत काढली. त्यांनी आपलं सूत जमिनीवरून घेणं बंद केलं. मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे जमिनीच्या नाक्यांवरून बंद केले आणि सांगितलं, फक्त न्हावाशेवा किंवा कोलकाता बंदरातून आणा. म्हणजे सीमेपलीकडून हाकेच्या अंतरावर यायचा शर्ट आता अख्ख्या भारताला समुद्रातून वळसा घालून उरणला उतरणार! याला व्यापार म्हणायचं की रुसवा?

कुणी म्हणेल, शहरातल्या गरिबाला कांदा परवडायला नको का? हवाच. माझी बहीण पुण्यात भाड्याने राहते, तिचा महिन्याचा हिशेब मला माहीत आहे. टंचाईत सरकारने हात बांधून बसावं असं माझं म्हणणं नाही. पण बंदी आणि बेबंद निर्यात यांच्या मध्ये वाट आहे, आणि ती आपण स्वतःच एका शेजाऱ्यासाठी काढलेली आहे.

मालदीव. १९८१च्या व्यापार कराराप्रमाणे भारत त्यांना दरवर्षी कांदा, बटाटा, तांदूळ, साखर, अंडी यांचा कोटा ठरवून देतो. इकडे निर्यातबंदी असली तरी तो कोटा जातो. २०२४मध्ये मालदीवशी संबंध किती ताणले होते आठवतंय ना? तरी २०२४-२५साठी कोटा उलट वाढवला, कांद्याचाच ३५ हजार टनांहून जास्त. बांगलादेशनेही डिसेंबर २०२२च्या चर्चेत नेमकं हेच मागितलं होतं : कांदा, गहू, तांदूळ, साखरेचा वार्षिक कोटा ठरवून द्या. ते तेव्हा मार्गी लागलं नाही.

मालदीवची भूक छोटी, बांगलादेशची मोठी, हे मान्य. तिथे कोटा काळजीपूर्वक ठरवावा लागेल. पण एवढा टन कांदा काहीही झालं तरी जाणारच, आणि एवढा ते घेणारच, असं आधी ठरलं तर ढाक्याचा व्यापारी इजिप्तला फोन करणार नाही. आणि आमच्याकडचा शेतकरी रोप टाकतानाच हिशेब करू शकेल. दोन्ही बाजूंनी बांधून घ्यायचं. प्रेमासाठी नव्हे, एकमेकांवर भरवसा नाही म्हणूनच!

राहता राहिलं १४ सप्टेंबर २०२०. नानांनी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर नेलाच. न नेऊन करणार काय, कांद्याला कोंब फुटत होते. लिलावात भाव पुकारला गेला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर जेवताना म्हणाले, "गिऱ्हाईक तोडायला एक दिवस लागतो. जोडायला आपल्या बापाचा जन्म गेला होता."

नानांना ताग आणि आदमजी मिल ठाऊक नाही. पण मी इतकं वाचून जे शिकलो ते त्यांना आधीच माहीत होतं.

आपल्या भागातल्या आमदार-खासदारांना यंदा भेटाल तेव्हा कांद्याचा भाव जरूर विचारा. पण सोबत हेही विचारा, की बांगलादेशच्या वार्षिक कोट्याचं काय झालं? दिल्लीत हा विषय कुणी काढला का? भाव एका हंगामाचा असतो. गिऱ्हाईक टिकलं तर पुढच्या पिढीलाही पुरतं.