पहिल्या वर्षाचा निकाल

मंडळी, आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, आजीला या वयात हे काय सुचलं! पण नातू ओहायोतल्या कोलंबसला वाढतोय, आणि तिथे शरद ऋतूतला शनिवार म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल. लाखभर माणसं स्टेडियमात असतात. हा फुटबॉल हातात चेंडू घेऊन पळायचा. चढाई करणारे अकरा वेगळे, अडवणारे अकरा वेगळे. अडवणाऱ्यांचा एक स्वतंत्र प्रशिक्षक असतो, त्याला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. नातवाच्या भाषेत, "आजी, हरलो की शिव्या खायला ठेवलेला माणूस."

2021 मध्ये कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनने ओहायो स्टेटला 42-27 असं हरवलं. बचाव पार कोलमडला होता. मुख्य प्रशिक्षक रायन डे यांनी मग जिम नोल्स यांना ओक्लाहोमा स्टेटहून आणलं. पुढच्या वर्षी पुन्हा मिशिगनच, आणि तेही घरच्या मैदानावर 45-23! एकेका डावात 69, 75, 85 यार्डांची मुसंडी. आमच्या घरी (म्हणजे त्यांच्या घरी) निकाल लागला, "हा माणूस नापास."

इतिहास शिकवलेला असल्यामुळे मला राहवेना. मी नातवाला म्हटलं, मागचं काढ बघू. तेव्हा कळलं की ओक्लाहोमा स्टेटलाही 2018 मध्ये, म्हणजे नोल्स यांच्या पहिल्या वर्षी, संघ 7 सामने जिंकला आणि 6 हरला. समोरचे सामन्याला सरासरी तीसच्या वर गुण करत. 2021 पर्यंत तो आकडा 18 च्या आसपास आला.

ओहायोतही तसंच झालं. 2022 मध्ये सरासरी 21 गुण दिले जात, 2023 मध्ये 11 च्या जवळपास, आणि 2024 मध्ये 13 च्या आत. त्या वर्षीही मिशिगनकडून 13-10 असे हरलेच, पण 20 जानेवारी 2025 ला नोत्र दामला 34-23 हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. नातू म्हणाला, "बघ, नोल्स ग्रेट!"

इथे मी पुन्हा अडले. उपान्त्य फेरीत टेक्सासविरुद्ध ज्या जॅक सॉयरने चेंडू हिसकावून 83 यार्ड पळत नेला, तो 2021 साली आलेला, नोल्स यांच्या आधीचा. मग श्रेय कुणाचं? उत्तर पुढच्याच वर्षी मिळालं, तेही अर्धवट. नोल्स पेन स्टेटला गेले. जुने बहुतेक बचावपटूही व्यावसायिक संघांत गेले. त्यांच्या जागी आलेल्या मॅट पट्रीशिया यांच्या हाताखाली 2025 मध्ये ओहायोचा बचाव सरासरी 10 च्या आत राहिला, अगदी पहिल्याच वर्षी! आणि तिकडे पेन स्टेटने तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून 42 गुण खाल्ले. ऑक्टोबरात त्यांच्या मुख्य प्रशिक्षकालाच घरी पाठवलं गेलं.

म्हणजे पहिल्या वर्षावरून माणूस जोखावा तरी पंचाईत, न जोखावा तरी पंचाईत. आधीच्याने काय ठेवलं, समोर कोण होतं, मुलं कितवीतली होती, हे पाहिल्याशिवाय नुसता आकडा मुका असतो.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. मी निवृत्त झाले तेव्हा माझा दहावीचा वर्ग एका तरुण शिक्षकाकडे गेला. त्या वर्षी निकाल घसरला. मला विचारायला आलेल्या मंडळींना मी म्हणाले, "मुलगा कच्चा आहे." दोन वर्षांत तो शाळा सोडून गेला. ती मुलं आठवी-नववीत माझ्याच हाताखाली होती, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातच आलं नाही, असं म्हणायला आवडलं असतं. पण आलं होतं.

त्याचा पत्ता मी आता शोधते आहे. सापडला तर पत्र लिहीन.

असो. खेळात काही चुकलं असेल तर कोलंबसकरांनी सांभाळून घ्यावं.