एका पेटीत दोन कॅसेट : डबल डेक व्हीसीआरच्या घरप्रवेशाची गोष्ट

एका कॅसेटवरची गाणी दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेणे ही १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मामुली गोष्ट झाली होती. दोन कॅसेट शेजारी शेजारी बसणारा टेपरेकॉर्डर मुंबईच्या चाळीपासून लंडनच्या उपनगरापर्यंत सगळीकडे दिसू लागला होता. त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेटही घरात आली होती. पण एकाच पेटीत दोन व्हिडिओ कॅसेट सामावणारे घरगुती यंत्र अमेरिकेतल्या सामान्य गिऱ्हाइकाला १९९० पर्यंत मिळाले नाही. ते बनवणे अशक्य नव्हते आणि त्यावर बंदी घालणारा कायदाही नव्हता. मग ते अडले कुठे, याचा हा धागा.

आधी यंत्राविषयी थोडेसे. सोनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये बाजारात आले आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये. दोन्हींतली फीत अर्धा इंच रुंदीची. व्हीएचएस यंत्र कॅसेटमधून ही फीत बाहेर ओढते आणि वेगाने फिरणाऱ्या एका तिरप्या धातूच्या नळकांड्याभोवती गुंडाळते. अमेरिकन यंत्रात हे नळकांडे मिनिटाला १८०० फेरे घेते आणि त्यावर बसवलेली चुंबकीय हेड फितीवर तिरक्या रेघांत चित्र लिहितात. फीत मात्र सेकंदाला जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर सरकते. ही सारी यांत्रिक करामत एका पेटीत दोनदा बसवायची, एवढाच डबल डेकचा प्रश्न होता. खर्चीक खरा, पण अभियंत्यांनी हात टेकावेत असा नव्हे.

ते यंत्र नसताना लोक प्रती काढत नव्हते काय? काढत होतेच. शेजाऱ्याचा किंवा मेहुण्याचा व्हीसीआर एका दिवसासाठी घरी आणायचा, एकाच्या मागच्या ‘आउट’मधून दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये तारा जोडायच्या, एकावर ‘प्ले’ आणि दुसऱ्यावर ‘रेकॉर्ड’ दाबायचे आणि वाट पाहायची. दोन तासांच्या चित्रपटाला दोन तासच लागत. गाण्यांच्या कॅसेटसारखी दुप्पट वेगाने प्रत काढण्याची सोय इथे नव्हती. मूळ कॅसेटची मागची प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली असेल तर तिच्यावर चुकून रेकॉर्डिंग होण्याची भीती नसे. आणि पट्टी मोडलेली जुनी कॅसेट पुन्हा वापरायची असेल तर त्या भोकावर चिकटपट्टी लावली की काम भागे. प्रत मुळापेक्षा किंचित मळकट येई. प्रतीची प्रत काढली की रंग चेहऱ्याबाहेर ओघळू लागत, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत नायक कोण आणि खलनायक कोण हे आवाजावरून ओळखावे लागे.

म्हणजे डबल डेकने काही नवे पाप जन्माला घातले नसते. त्याने दोन यंत्रे, तारांचा गुंता आणि मेहुण्याची मिनतवारी वाचवली असती, एवढेच. परंतु हॉलिवुडच्या दृष्टीने नेमके हेच धोक्याचे होते. त्या काळी नव्या चित्रपटाची अधिकृत कॅसेट बहुधा ७०-८० डॉलरना विकली जाई, कारण ती मुख्यतः भाड्याने देणाऱ्या दुकानांसाठी असे. भाडे मात्र दोन-तीन डॉलर. कोरी कॅसेटही थोडक्या डॉलरांत मिळे. हा हिशेब करायला कोणी अर्थशास्त्री लागत नव्हता.

हॉलिवुडचे व्हीसीआरशी असलेले वैर तोवर जगजाहीर झाले होते. मोशन पिक्चर असोसिएशनचे अध्यक्ष जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीसमोर साक्ष देताना व्हीसीआरची तुलना चक्क बॉस्टन शहरात बायकांचे गळे घोटणाऱ्या खुन्याशी केली होती. युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्यांनी सोनीवर १९७६ मध्येच दावा लावला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ जानेवारी १९८४ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी सोनीच्या बाजूने सुटला. टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करून ठेवणे हा न्याय्य वापर आहे, आणि ज्या यंत्राचा लक्षणीय वैध उपयोग आहे ते विकल्याबद्दल उत्पादकाला दोषी धरता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. लहान मुलांचे लाडके कार्यक्रमकर्ते फ्रेड रॉजर्स यांनी आपला कार्यक्रम कुटुंबांनी रेकॉर्ड करून सवडीने पाहिला तर आपली काहीच हरकत नाही अशी साक्ष दिली होती, आणि न्यायालयाने तिची आवर्जून दखल घेतली.

या निकालाची एक मर्यादा मात्र पुष्कळदा विसरली जाते. न्यायालयापुढचा प्रश्न हवेतून आलेल्या प्रक्षेपणाचे मुद्रण करण्याचा होता. एका कॅसेटवरून दुसरी कॅसेट करण्याचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता, आणि त्यावर त्याने निवाडाही दिला नाही. बीटामॅक्सच्या निकालाने एका डेकला अभय मिळाले होते; दुसऱ्या डेकचे काय, हे अधांतरीच राहिले.

ब्रिटनमध्ये हाच वाद ध्वनीच्या बाबतीत आधी पेटला. अ‍ॅमस्ट्रॅड या कंपनीने दोन कॅसेटची ध्वनियंत्रे विकायला काढली आणि एका कॅसेटवरून दुसरीवर झटपट प्रत काढण्याची त्यांची करामत जाहिरातींत ठळकपणे मिरवली. काही ध्वनिमुद्रणांची प्रत काढण्यास परवानगी लागते, ही सूचना जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात. ध्वनिमुद्रिका कंपन्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेल्या आणि १९८८ मध्ये हरल्या. यंत्र विकणाऱ्याने प्रत काढण्याची सोय दिली, पण अधिकार दिला नाही, असा निवाडा झाला. लॉर्ड टेम्पलमन यांनी त्यात एक कडू सत्यही नोंदवून ठेवले: घरातली नक्कल ना रोखता येते ना शोधता येते, आणि ज्या कायद्याची लोक सर्रास अवहेलना करतात तो बदलावा तरी किंवा रद्द तरी करावा. न्यायाधीशाच्या लेखणीतून अशी कबुली क्वचितच उतरते.

अमेरिकेत या गोष्टीचा नायक म्हणावा अशी एक चिमुकली कंपनी होती. अ‍ॅरिझोना राज्यातल्या स्कॉट्सडेल गावची गो व्हिडिओ. टेरेन डनलॅप आणि रिचर्ड लँग यांनी ती १९८४ मध्ये सुरू केली. दोन डेक असलेल्या, आणि दोन्ही डेकवर एकाच वेळी निरनिराळी कामे करता येणाऱ्या व्हीसीआरचे पेटंट त्यांना १९८८ मध्ये मिळाले. पेटंट हाती आले, तरी कारखाना त्यांच्याजवळ नव्हता. व्हीसीआर बनवण्याची विद्या त्या काळी मुख्यतः जपानी आणि काही कोरियन कंपन्यांच्या हाती होती. गो व्हिडिओचे म्हणणे असे की, त्यांच्यासाठी यंत्र बनवायला कोणी तयार होईना, आणि हे नकार स्वतंत्रपणे दिलेले नसून हॉलिवुडच्या दबावाखाली संगनमताने दिलेले आहेत.

मग या कंपनीने १९८७ मध्ये धाडस केले. अ‍ॅरिझोनाच्या संघीय न्यायालयात तिने मोशन पिक्चर असोसिएशन आणि जगातल्या बहुतेक बड्या व्हीसीआर उत्पादकांविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. आधार १८९० च्या शर्मन कायद्याचा. तेल आणि साखरेच्या मक्तेदाऱ्यांची धास्ती ज्या काळाने घेतली होती त्या काळातला हा कायदा, घरातल्या व्हिडिओ यंत्रासाठी पुन्हा बाहेर निघाला. जपानी कंपन्यांनी आधी न्यायालयाच्या अधिकारालाच हरकत घेतली: आम्ही परदेशी, अ‍ॅरिझोनाशी आमचा संबंध काय? १९८९ मध्ये अपील न्यायालयाने ती हरकत फेटाळली. एका राज्याशी नव्हे, तर संपूर्ण अमेरिकेशी या कंपन्यांचा किती संबंध आहे ते पाहायचे, असे त्याने ठरवले. गो व्हिडिओच्या नावाचा हा निकाल अमेरिकेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो. व्हीसीआर कसा दिसत होता हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊकही नसेल.

पण खरी घडामोड झाली ती तडजोडीच्या टेबलावर. खटला चालू असतानाच असोसिएशनने गो व्हिडिओशी समेट केला. अट अशी की, यंत्रात नक्कलरोधक मंडल बसवायचे आणि संरक्षित कॅसेटची प्रत निघू द्यायची नाही. प्रतिवादींपैकी कोरियाच्या सॅमसंगनेही समेट केला आणि पुढे तिनेच हे यंत्र बनवून दिले. ज्याच्यावर दावा लावला तोच कारखानदार झाला, हा या कथेतला सर्वांत रंजक पेच म्हणावा लागेल.

या नक्कलरोधक योजनेचे नाव मॅक्रोव्हिजन. ती १९८५ पासून वापरात होती. टीव्हीच्या चित्रात दर दोन पडदाभर चित्रांच्या मधे काही रेघा अशा असतात की त्या पडद्यावर दिसत नाहीत. त्या अदृश्य जागेत मॅक्रोव्हिजन तीव्र स्पंदने पेरते. टीव्ही त्यांकडे दुर्लक्ष करतो. मुद्रण करणारा व्हीसीआर मात्र येणाऱ्या संदेशाची तीव्रता आपोआप जुळवून घेत असतो. तो या स्पंदनांना फसतो आणि चित्र कधी काळवंडते, कधी भगभगते. एकाच पेटीतले दोन डेक आतल्या आत जोडले, तर अभियंत्याला ही फसवणूक सहज टाळता आली असती. म्हणूनच गो व्हिडिओच्या यंत्राने ती स्पंदने ओळखून स्वतःच नकार द्यावा, असा आग्रह धरला गेला.

१९९० मध्ये ‘व्हीसीआर-२’ दुकानांत आला. किंमत सुमारे १००० डॉलर. एवढ्यात त्या वेळी दोन साधे व्हीसीआर आणून वर काही पैसे उरले असते. तरी त्याचे गिऱ्हाईक होते. एका डेकवर मुलांचा चित्रपट चालू ठेवून दुसऱ्यावर टीव्हीचा सामना रेकॉर्ड करता येई. एक कॅसेट संपली की दुसरीवर मुद्रण पुढे नेता येई. आणि मुख्य म्हणजे घरच्या कॅमेऱ्यावर टिपलेले लग्न, बारसे किंवा शाळेचे नाटक तारा न शोधता नातेवाइकांसाठी उतरवून देता येई. मॅक्रोव्हिजन नसलेल्या या कॅसेटींना यंत्राची काहीच हरकत नव्हती. चोरांसाठी म्हणून बदनाम झालेले यंत्र प्रत्यक्षात आज्या-मावश्यांची मागणी पुरवू लागले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांची अडचण मात्र या यंत्रानेही सुटली नाही. भारतातून आलेली लग्नाची किंवा नाटकाची कॅसेट पाल पद्धतीची असे, ६२५ रेघांची आणि सेकंदाला २५ चित्रांची. अमेरिकेतले यंत्र एनटीएससी पद्धतीचे, ५२५ रेघांचे आणि ३० चित्रांचे. पेटीत दोन डेक असले तरी ते दोन्ही एकच भाषा बोलत. परकी कॅसेट घातली की पडद्यावर लोळणाऱ्या रेघाच उमटत. त्यासाठी वेगळे रूपांतर करणारे यंत्र लागे, किंवा पैसे घेऊन ते करून देणारे दुकान.

भारतात या प्रश्नाला कायद्याने वेगळ्या वाटेने हात घातला. १९८२ च्या आशियाई स्पर्धांबरोबर रंगीत टीव्ही आला, त्यापाठोपाठ एका रात्रीच्या भाड्याने व्हीसीआर आणण्याची पद्धत रुजली आणि चोरट्या कॅसेटींचा सुकाळ झाला. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून ‘व्हिडिओ फिल्म’ आणि ‘प्रती काढण्याचे साधन’ या दोन्हींच्या व्याख्या त्यात घालण्यात आल्या, शिक्षा वाढवण्यात आली आणि कॅसेटवर निर्मात्याचा व हक्कधारकाचा तपशील छापणे बंधनकारक झाले. एकही घरगुती डबल डेक नजरेसमोर नसताना यंत्राला कायद्यात जागा मिळाली होती.

खटल्याचे काय झाले? १९९१ मध्ये तो उरलेल्या प्रतिवादींविरुद्ध ज्युरीपुढे चालला आणि गो व्हिडिओ हरली. संगनमत सिद्ध झाले नाही. १९९३ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. तोवर यंत्र बाजारात येऊन तीन वर्षे झाली होती. कंपनीने ज्या गोष्टीसाठी दावा लावला होता ती तिला न्यायालयाबाहेर मिळाली. किंमत म्हणून आत बसवलेले कुलूपही तिच्यासोबत आले.

ते कुलूप पुढे सर्वांच्याच दाराला लागले. १९९८ च्या अमेरिकन डिजिटल कॉपीराइट कायद्यात एक पोटकलम असे आहे की, २००० सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक साध्या व्हीएचएस यंत्राने मॅक्रोव्हिजनच्या जातीच्या नियंत्रणाला प्रतिसाद दिलाच पाहिजे. गो व्हिडिओने तडजोड म्हणून जे मान्य केले होते, ते दहा वर्षांनी सगळ्या उद्योगाला सक्तीचे झाले. विशेष म्हणजे ही सक्ती आली तेव्हा डीव्हीडी दुकानांत पोहोचली होती आणि व्हीएचएसचे दिवस भरत आले होते.

गो व्हिडिओने १९९९ मध्ये सेन्सरी सायन्स हे नाव घेतले. २००१ मध्ये सॉनिकब्लू या कंपनीने ती विकत घेतली. हीच सॉनिकब्लू रिप्लेटीव्ही नावाचे डिजिटल रेकॉर्डर विकत होती. त्यात जाहिराती आपोआप गाळण्याची आणि कार्यक्रम दुसऱ्याला पाठवण्याची सोय होती. त्याच वर्षी हॉलिवुडच्या स्टुडिओंनी आणि टीव्ही वाहिन्यांनी तिच्यावर दावा ठोकला. २००३ मध्ये सॉनिकब्लूने दिवाळे काढले. जपानच्या फुनाई कंपनीने आपला व्हीसीआरचा शेवटचा कारखाना जुलै २०१६ मध्ये बंद केला, तेव्हा एका डेकचे यंत्रही बनेनासे झाले होते.