तळटीप १४ : ‘षष्ठीला गंगेवर’

१४. गंगा म्हणजे इथे गोदावरी. मराठवाड्यात तिला सर्रास गंगाच म्हणतात. देवगाव फाटा हे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले ठिकाण. तिथल्या माणसाला गंगेवर जायचे तर जनाबाईंचे गंगाखेड जवळ, पण ‘षष्ठी’ म्हटल्यावर पैठणच. फाल्गुन वद्य षष्ठीला संत एकनाथांनी देह ठेवला (१५९९). त्या नाथषष्ठीला पैठणला दिंड्या येतात. पुढे येणारा ‘पदर’ पैठणीचा. रेशमाच्या ताण्यात प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवरून हाताने गुंफत मोर, पोपट, आसावलीची वेल उठवतात, त्यामुळे पदर उलटसुलट जवळपास सारखाच दिसतो. बोटे उलट बाजूवर फिरवून पाहण्याचे कारण तेच. निवेदिका भाव पाडायला बसली आहे असा काहींनी लावलेला अर्थ आम्हाला पटत नाही. पैठणी आज पैठणपेक्षा नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात अधिक विणली जाते. मजकुरातला ‘येवल्याचा माल’ हा टोमणा त्यावरूनच.