आमराईचे लग्न

जबलपूरची छावणी आणि शहर यांच्या दरम्यान एके काळी बरजोरसिंग नावाच्या वृद्ध गृहस्थाची आमराई होती. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेला इंग्रज अंमलदार विल्यम स्लीमन याने १८४४ साली छापलेल्या आपल्या आठवणींत तिची हकीकत नमूद केली आहे.

झाडे लावणे, त्यांना पाणी घालणे, पक्क्या विहिरी व भिंती बांधणे यांतच बरजोरसिंगाची पुंजी संपली. १८३३ साली एक झाड फळास आले. मुलांनी आंबे आवडीने खाल्ले. म्हातारा-म्हातारीला मात्र ते चाखता येईनात. आमराईतील एका आंब्याचे दुसऱ्या झाडाशी, बहुधा चिंचेशी, विधिपूर्वक लग्न लागेपर्यंत लावणाऱ्याने व त्याच्या पत्नीने फळ खाऊ नये, असा त्या प्रांतीचा दंडक होता. पुढचा हंगाम आपल्याला दिसेल की नाही, या धास्तीने दोघांनी सोन्याचांदीचे दागिने विकले, कर्ज काढले आणि लग्न लावले. चिंच आधीच वाळून गेल्यामुळे चमेली वधू झाली. दीडशे ब्राह्मण जेवले. इतकेच जेवले, याची म्हाताऱ्याला खंत राहिली. जून १८३४ मध्ये उभयतांनी आपल्या बागेतील फळ प्रथम चाखले.

कर्जाऊ जेवणावळीचे समर्थन आज कोणी करणार नाही. पण आधी इतरांचे पान, मग धन्याचे, हा त्यातला क्रम विचार करण्याजोगा आहे. पिकलेला आंबा थोड्याच दिवसांत नासतो. बहर आलेली बाग एका कुटुंबाला संपत नाही. मराठी घरांतही तुळशीचे लग्न लागेपर्यंत बोर, आवळा व चिंच वर्ज्य मानीत. तोवर फळ झाडावर भरे आणि मग मोरावळ्याची बरणी भरे.

टिकविण्याची विद्याही जुनीच. उन्हाने फोडीतले पाणी उडते, मीठ व साखर ते बांधून ठेवतात. मग बुरशीला वाव उरत नाही. आमचूर, लोणचे, मुरंबा यांचे मर्म एवढेच.

१९६४ साली जबलपुरातच जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. कोयीच्या आंब्याला फळ धरण्यास आठ-दहा वर्षे लागतात, कलमाला चार-पाच पुरतात. फळ लवकर हाती येते आणि वर्षभर टिकतेही. म्हणूनच ते सारे आपल्याच बरणीत भरण्याचा मोह अधिक. परसातल्या झाडाची पहिली पाटी शेजारी पाठविणाऱ्या घराने, दागिने न विकता, बरजोरसिंगाचा दंडक पाळलेला असतो.