नंबर नसलेला दगड

वस्तऱ्याला स्वतःच्या हाताने धार लावायला शिकणारा माणूस पहिला प्रश्न हमखास हा विचारतो: "सगळ्यात बारीक दगड कुठला?" हा प्रश्न चुकतो कुठे, ते मला लॅबमध्ये कळलं. धातूचा नमुना मायक्रोस्कोपखाली ठेवण्याआधी तो सिलिकॉन कार्बाइडच्या कागदांवर घासावा लागतो, जाड कणांपासून बारीक कणांपर्यंत. एकदा घाईत मी मधला कागद गाळला. नमुना आरशासारखा चमकला, पण मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर पहिल्या कागदाचे ओरखडे तसेच! बारीक कण जाड ओरखडा पुसत नाहीत, फक्त त्याच्या आजूबाजूला चकाकी आणतात.

आता मुद्दा असा, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत "बारीक" म्हणजे नेमकं किती, हे सांगणारा नंबरच दगडावर नसायचा. दगड ओळखला जायचा तो गावाच्या नावावरून आणि हाताला येणाऱ्या स्पर्शावरून. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी दगडांची वर्गवारी करतो ती कशी? काही तेलावर चालणारे, काही पाण्यावर, आणि न्हाव्यांच्या दुकानातले काही चक्क थुंकीवर! कणाचा आकार मोजायची सोयच नव्हती, त्यामुळे दगड कुठून आला आणि तो वापरायचा कसा, हीच त्याची ओळख.

अशा दगडांपैकी वस्तऱ्यासाठी गाजलेला एक म्हणजे बेल्जियमच्या आर्देन भागातला, व्हिएलसाल्म परिसरातला पिवळसर कोटिक्यूल. खडकात त्याचे थर बहुधा काही सेंटीमीटरच जाड असतात, म्हणून पिवळ्या दगडाखाली आधाराला पाटीचा दगड चिकटवून विकायची पद्धत पडली. त्यात धार लावण्याचं काम करतात ते स्पेसार्टाइन गार्नेटचे स्फटिक. ते साधारण ५ ते १५ मायक्रॉनचे, म्हणजे तसे काही फार बारीक नव्हेत. तरीही धार अगदी मऊ, दाढीला सुखद येते. कारण हे स्फटिक अनेक पैलूंचे, जवळजवळ गोल असतात. त्यांना अणकुचीदार टोकं नसल्यामुळे ते पोलादात खोल रुतत नाहीत. म्हणजे नुसता आकार सगळं ठरवत नाही, कणाची घडणही तितकीच महत्त्वाची.

या एकाच दगडावर सगळं काम होऊ शकतं. सुरुवातीला दुसरा छोटा दगड घासून वर दुधासारखा चिखल काढायचा. त्यात सुटे गार्नेट असतात, धातू भराभर झिजतो. मग थेंबथेंब पाणी घालत चिखल पातळ करत जायचा, शेवटी नुसतं पाणी. पण किती पातळ, कधी थांबायचं? ते हाताला कळावं लागतं, आणि हाताला शिकवायला उस्ताद लागतो. आपल्याकडेही न्हाव्याच्या धोपटीतल्या निसण्यावर नंबर नसायचा. पोरगा बापाकडे बघून शिकायचा.

मग १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरे बनवायच्या नादात माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवत होता. हिरे मिळाले नाहीत, मिळाले सिलिकॉन कार्बाइडचे कठीण चमकदार स्फटिक. त्याने नाव दिलं कार्बोरंडम. हे दळता येतं, चाळणीने आणि पाण्यात निवळवून आकारानुसार वेगळं करता येतं. नंबर आला तो इथून: चाळणीच्या एका इंचात किती भोकं. उस्तादाच्या हातातलं ज्ञान थोडंफार तरी आकड्यात उतरलं.

दैव बघा, आकडे आले आणि शिकणारेच गेले. जिलेटने १९०३ मध्ये जेमतेम ५१ सेफ्टी रेझर विकले, १९०४ मध्ये ९० हजारांहून जास्त. पातं बोथट झालं की फेकायचं, मग घरोघरी दगड हवा कशाला? पुढे वस्तरा हळूहळू घरातून गेला आणि त्याबरोबर बघून शिकायची संधीही.

म्हणून आज नव्याने शिकणाऱ्याला माझा सल्ला: सुरुवात नंबरवाल्या कृत्रिम दगडांनीच करा. जपानी मापात १००० म्हणजे साधारण साडेअकरा मायक्रॉनचे कण, ८००० म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या आसपास. (युरोपीय मापातला १००० वेगळा असतो. विकत घेताना विचारून घ्या.) वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून ठेवा, कोन आपोआप मिळतो. दोन्ही बाजूंचे उतार टोकाशी नीट भेटेपर्यंत १००० सोडू नका. खरं काम तिथंच होतं. मग ४०००, मग ८०००, शेवटी चामड्याचा पट्टा. जुन्या बाजारात न्हाव्यांचे छोटे कृत्रिम दगड मिळतात, पण ते उतरू लागलेली धार परत आणण्यापुरते. बोथट वस्तरा त्यांच्यावर सुधारत नाही.

कोटिक्यूल घ्यायचा तर नंतर घ्या. तो वाईट आहे म्हणून नव्हे. धार बिघडली तर चूक दगडाची की हाताची, हे सुरुवातीला कळायला हवं, आणि नंबर नसलेला दगड ते नवख्याला सांगत नाही.