अग्नीवाचून धूर : आगगाडीच्या प्रतिकृतीतील एका छोट्या यंत्राचा इतिहास

डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे न्यायशास्त्रातील सर्वपरिचित उदाहरण. धुक्याला किंवा वाफेला धूर समजून केलेले अनुमान फसते, हा इशाराही त्या परंपरेने दिलेला आहे. मराठी माणसाने रेल्वेला दिलेल्या नावात हेच नाते दिसते. कृष्णशास्त्री भाटवडेकर यांनी १८५४ साली लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन' असे होते. म्हणजे ग्रंथकाराने इंग्रजीप्रमाणे मार्गाला महत्त्व दिले. लोकभाषेत मात्र 'आगगाडी' हाच शब्द रूढ झाला. आग बॉयलरच्या पोटात दडलेली असे, दुरून दिसे तो धूरच. धुरावरून आगीचे अनुमान करून लोकांनी गाडीचे बारसे केले, असे म्हणायला हरकत नाही. आगगाडीच्या खेळण्यातल्या इंजिनातून धूर काढण्याचा उद्योग या दृष्टीने पाहिला, तर तो निव्वळ छंदिष्टांचा विषय राहत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली. पैठणीचे गाव असलेले येवले लोहमार्गावर आले ते १८७८ साली, धोंड-मनमाड मार्ग सुरू झाला तेव्हा. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाच्या वर्षांतच हा मार्ग उभा राहिला. मुंबईकडचा धूर त्या मानाने लवकर ओसरू लागला : १९३० मध्ये विद्युतीकरण कल्याणहून इगतपुरीपर्यंत पोचले आणि येवल्याहून मनमाडमार्गे मुंबईला निघालेल्या प्रवाशाला घाट उतरताना विजेचे इंजिन मिळू लागले. इगतपुरीच्या अलीकडे मात्र वाफेचेच राज्य पुढे कित्येक वर्षे चालले. भारतीय रेल्वेच्या रुंदमापी मार्गावरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा ६ डिसेंबर १९९५ रोजी, जालंधर-फिरोजपूर मार्गावर, संपली.

इंजिनातून निघणारा तो 'धूर' नेमका काय होता? धुरांड्यातून दोन गोष्टी एकत्र बाहेर पडत : कोळशाचा धूर आणि काम करून थकलेली वाफ. सिलिंडरमधली वापरलेली वाफ धुरांड्याच्या तळाशी असलेल्या नळीतून जोराने वर सोडत. तिच्या ओढीने भट्टीत हवा खेचली जाई आणि आग फुलत असे. इंजिनाला जितके श्रम जास्त, तितकी वाफ जास्त आणि तितकीच आग प्रखर. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला असे चार फुत्कार होत. आपला 'झुकझुक' हा शब्द म्हणजे त्या फुत्कारांचेच ध्वनिचित्र. काळाकुट्ट धूर मात्र कोळसा अर्धवट जळत असल्याची, म्हणजे इंधन वाया जात असल्याची खूण होती. तो कमी करणे हे फायरमनचे कौशल्य मानले जाई. खऱ्या इंजिनात जो दोष होता, तो प्रतिकृतीत गुण ठरला.

या गुणाचा इतिहास १९४६ मध्ये अमेरिकेत ठळकपणे सुरू होतो. त्या वर्षी लायोनेल कंपनीने आपल्या इंजिनात खोलगट काचेचा दिवा बसवला. त्याच्या उष्णतेवर अमोनियम नायट्रेटची गोळी ठेवली की पांढरा धूर निघे. लगेच १९४७ मध्ये दिव्याची जागा तापणाऱ्या तारेने घेतली आणि गोळीही बदलली. त्याच सुमारास गिल्बर्ट कंपनीच्या 'अमेरिकन फ्लायर' गाड्यांतही धूर आणि झुकझुक आवाज अवतरले. पुढे जर्मनीतील झॉयटे कंपनीच्या नळीवजा धूरयंत्रांनी युरोपातील छोट्या इंजिनांना धूर दिला. आज सर्वत्र आढळणारी पद्धत साधी आहे : धुरांड्यात एक बारीक नळी, तिच्यात तापणारी तार किंवा रोधक, काही यंत्रांत काचतंतूंची वात, आणि वर हलक्या खनिज तेलाचे चार थेंब. तेलाची वाफ थंड हवेत येताच तिचे सूक्ष्म कण बनतात व ते धुरासारखे दिसतात. न्यायशास्त्राने सावध केले होते ते याच वाफेबद्दल.

हे यंत्र नीट चालवणे वाटते तितके सोपे नाही. तेल जास्त झाले तर तार त्यात बुडते, पुरेशी तापत नाही आणि धुराऐवजी थेंब उडतात. तेल संपल्यावरही वीज चालू राहिली तर वात करपते आणि मग ती तेल शोषत नाही. घरातले रॉकेल किंवा खाद्यतेल वापरणे तर धोक्याचे. एक पेट घेऊ शकते, दुसरे जळून नळीत चिकटते. पण खरी अडचण विजेची आहे. जुन्या पद्धतीत रुळांतील व्होल्टता कमीजास्त करून गाडीचा वेग बदलतात. व्होल्टता निम्मी झाली की तारेची उष्णता चौथाईवर येते. म्हणून गाडी सुटताना धूर जेमतेम निघतो आणि वेगात असताना भरपूर. खरे इंजिन याच्या नेमके उलट वागे : जड गाडी जागची हलवताना त्याचा फुत्कार सर्वांत जोरकस असे, आणि उतारावर ते जवळजवळ मुकाट धावे.

यावर दोन उपाय निघाले. लायोनेलने चाकांना जोडलेल्या दट्ट्याने धूर ठोक्याठोक्याने बाहेर ढकलला. पुढे अंकीय नियंत्रण आले तेव्हा रुळांतील व्होल्टता स्थिर राहू लागली. तार स्वतंत्रपणे तापवता येऊ लागली आणि चिमुकला पंखा चाकाच्या फेऱ्यांशी ताल जुळवून फुंकर घालू लागला. तरी निसर्ग प्रमाणात लहान होत नाही. १ : ८७ प्रमाणाचे इंजिन घडवता येते, पण धुराचे कण आणि हवा आहे तशीच राहते, म्हणून छोट्या धुरांड्यातला धूर नेहमी थोडा आळसावलेला वाटतो.

महाराष्ट्रात लघुरेल्वेची हौस सार्वजनिक झाली ती भाऊसाहेब जोशी यांच्यामुळे. १ एप्रिल १९९८ रोजी पुण्यातील कोथरूडला, आज जी. ए. कुलकर्णी यांचे नाव असलेल्या रस्त्यावर, त्यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. तोवर रुंदमापी मार्गांवरून वाफेचे इंजिन जाऊन तीन वर्षेही झाली नव्हती. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना 'झुकझुक' हा शब्द बालगीतातून मिळतो, अनुभवातून नाही.

म्हणूनच धूर कसा निघतो याला महत्त्व आहे. प्रतिकृतीतला धूर अखंड, एकसारखा वाहिला तर तो केवळ शोभा होतो. पाहणाऱ्याला वाटते, इंजिने उगाच धूर सोडत. चाकाबरोबर तो तुटक फुत्कारांनी निघाला, सुटताना दाट आणि उतारावर विरळ झाला, तर त्यातून ओझे कळते, चढ कळतो, भट्टीपुढच्या माणसाचे श्रमही थोडेफार कळतात. येवल्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला गाडी चढावर आहे की सपाटीवर, हे दृष्टीआडूनही ऐकू येत असे. आग नसलेल्या धुराने निदान तेवढे अनुमान करू द्यावे, इतकीच अपेक्षा या छोट्या यंत्राकडून ठेवता येते.